गृहकृत्य : धुराची वाट

विक्रोळीस घर ऊबदार ठेवण्यासाठीं विस्तव पेटविण्याची वेळ येत नाहीं, आणि कन्नमवारनगर किंवा टागोरनगर येथील बिऱ्हाडांत चूलही आतां सहसा दिसत नाहीं. मग धुराड्याच्या स्वच्छतेवर लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. परंतु आपल्यापैकीं पुष्कळांचें मूळ घर घाटावर अथवा कोंकणांत आहे. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटींत सारी मंडळी तेथें जमतात; पहांटे बंब पेटतो, चूल धगधगूं लागते. शिवाय शहरांतील न्हाणीघरांतही तोच प्रश्न निराळ्या रूपानें येऊन बसला आहे.

वाळलेलें लांकूड भरपूर हवेंत जळलें तर धूर थोडा होतो. लांकूड ओलें असलें किंवा हवा अपुरी पडली, म्हणजे तें अर्धवट जळतें व धुराड्याच्या आंतल्या अंगास काजळी आणि डांबरासारखा चिकट थर बसतो. त्यानें धुराची वाट अरुंद होते, धूर घरांत परततो, आणि एखादे दिवशीं तो थरच पेट घेतो. थंड देशांत हिंवाळ्यापूर्वीं दरवर्षीं धुराडें साफ करवून घेतात तें याच भयानें. काजळी स्वतःही निरुपद्रवी नव्हे. धुराडीं साफ करणाऱ्या कामगारांस तिच्यामुळें होणाऱ्या कर्करोगाची नोंद लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७५ सालींच केली होती. म्हणून हें काम करतांना नाकातोंडास फडकें बांधावें व नंतर स्नान करावें.

आपल्याकडे या विषयाचा विचार झाला नाहीं असें नाहीं. वर्ध्याच्या मगनवाडींत स्वातंत्र्याच्या सुमारास ‘मगन चूल’ सिद्ध झाली; हैदराबादेस डॉ. राजू यांनीं १९५३ सालीं बिनधुराच्या स्वयंपाकघराची योजना मांडली. पुढें १९८३ पासून २००२ पर्यंत सरकारनें सुधारलेल्या चुलींची देशव्यापी योजना चालविली व सुमारें साडेतीन कोटी चुली बसविल्या. त्यांतील पुष्कळ पुढें निरुपयोगी झाल्या. तें कां, याचें एक उत्तर ओडिशांत मिळतें. तेथें धुराड्याच्या चुली दिलेल्या कुटुंबांचा चार वर्षेंपर्यंत अभ्यास करून रीमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन यांनीं २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षीं श्वासावाटे जाणारा धूर कमी झाला. पुढें तो लाभ उरला नाहीं. कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहींत, आणि त्यांची निगाही राहिली नाहीं. चूल घरांत आली, पण ती साफ करण्याचें काम कोणाचें, हें ठरलें नाहीं!

तें काम अवघड नाहीं. विस्तव पूर्ण विझून चूल थंड झाल्यावर धुराड्याचें टोपण काढावें. दोरीस काथ्याची जुडी व खालीं थोडें वजन बांधून ती वरून खालीं चार-सहा वेळां फिरवावी. चुलींतून वैलाकडे जाणारा बोगदाही खरवडावा, कारण पुष्कळदां तुंबतो तो तोच. बंबाच्या मधल्या नळींतील काजळी काढावी व जाळीखालची राख रोज उपसावी. नळीस काजळी असली कीं पाणी उशिरा तापतें व लांकूड अधिक जळतें. मात्र बंबांत पाणी भरल्यावांचून विस्तव घालूं नये, सांधे सुटतात.

दिसणाऱ्या धुराहून न दिसणारा वायू अधिक घातक होय. अपुऱ्या हवेंत जळण जळलें कीं कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूहून २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकें दुखणें, मळमळणें, भोंवळ येणें हीं त्याचीं पहिलीं चिन्हें. कोळशाच्या शेगडीस धूर नसतो, म्हणून ती बंद खोलींत ठेवून कोणी निजतात. हें प्राणाशीं खेळणें आहे.

शहरांतल्या न्हाणीघरांतील गॅसचा गिझर हाही एक बंबच. लहानशा बंद जागेंत तो चालूं ठेवून स्नान करणारीं धडधाकट माणसें दगावलीं आहेत. गिझर हवेशीर जागीं बाहेर बसवावा, किंवा त्याचा धूर बाहेर नेणारी नळी असावी. तें होईपर्यंत बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, व मगच दार लावावें. ज्योत निळी सोडून पिवळी दिसूं लागली तर कारागिरास बोलवावें. कोणास भोंवळ आली तर प्रथम दारेंखिडक्या उघडून त्यास मोकळ्या हवेंत आणावें व विलंब न लावतां रुग्णालयांत न्यावें.

एकत्र कुटुंबांत जें सर्वांचें काम तें पुष्कळदां कोणाचेंच नसतें. स्वयंपाक करणारीवर हेंही ओझें टाकणें न्याय्य नव्हे. छपरावर चढणें तर घरच्या तरुणांसच शोभतें. तेव्हां महिन्यांतील एक दिवस व एक नांव ठरवून टाकावें. गांवीं जाणाऱ्यांनीं पोंचल्यावर बंब पेटविण्याआधीं नळींतून वर पाहावें. आकाश दिसलें तरच काडी ओढावी.