माउथ ऑर्गन घेताना

मुलाने माउथ ऑर्गन मागितला, की आपण जत्रेतला स्वस्त बाजा आणतो. त्यातून हवा गळते, सूर धड निघत नाही आणि पोराला वाटते, आपल्यालाच जमत नाही. पालकहो, तसे करू नका. शिकणाऱ्याला १० छिद्रांचा, सी पट्टीचा, प्लॅस्टिकच्या सांगाड्याचा घ्या. साधे लाकूड ओल लागून फुगते. फुंकून-ओढून वाजवताना चौथ्या ते सातव्या छिद्रात सा ते वरचा सा पुरा मिळतो. खालच्या सप्तकात म आणि ध नसतात. मुरलेले वादक ते सूर वाकवून काढतात. हात बसल्यावर १८९६ पासून चालत आलेला होनरचा 'मरीन बँड' किंवा दुसरी पट्टी घ्यावी. दुकानात प्रत्येक छिद्र वाजवून दाखवायला सांगा. चार पैसे जास्त जातील, पण पोराची उमेद टिकेल.