दहा रुपयांची नोंद होते, मुलाच्या छळाची का नाही?

श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव निघाले की आम्ही बडोदेकर मराठी माणसे छाती पुढे काढतो, आणि ते योग्यच आहे. १८९३ साली अमरेलीत प्रयोग करून महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. आज प्रश्न उलटा झाला आहे. पालक फी भरतात, रिक्षा लावून देतात आणि मूलच शाळेच्या नावाने थरथर कापते. याचा दंड कोणी भरायचा?

गणेशोत्सवानंतरची गोष्ट. आमच्या नात्यातला आठवीतला मुलगा. त्याचे नाव आणि शाळा आम्ही सांगणार नाही. सोवळे नेसून आरती करतानाचा त्याचा फोटो वर्गातल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. कोणी त्याचे स्टिकर केले आणि खाली 'घाटी' लिहिले. मग त्याच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटे खाते निघाले आणि त्यावरून वर्गातल्या मुलींना वाह्यात मजकूर गेला. दोन महिने दर सोमवारी या मुलाचे पोट दुखत होते आणि डॉक्टर पित्ताच्या गोळ्या देत होते. शेवटी वहीच्या मागच्या पानावर 'सकाळी उठूच नये असे वाटते' हे वाक्य आईच्या नजरेस पडले, तेव्हा घर जागे झाले.

आई-वडील शाळेत गेले. उत्तर मिळाले, "मुलांची मस्करी आहे, मनावर घेऊ नका. शिवाय हे शाळेच्या वेळेत घडलेले नाही." त्यांनी लेखी अर्ज दिला, त्याची पोच मिळाली नाही.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. खात्यातून दहा रुपये चुकून कापले गेले, तरी ग्राहकाची तक्रार नोंदवून घ्यावी लागते. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास त्याला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. दहा रुपयांना लोकपाल आणि तेरा वर्षांच्या मुलाला साधी पोचही नाही, हा कुठला हिशेब?

नियम नाहीत असे कोणी सांगू नये. शाळांनी छळविरोधी समिती नेमावी, असे सीबीएसईने २०१५ सालीच आपल्या शाळांना कळवले आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा आणि छळाची तक्रार गुप्तपणे करण्याची सोय असावी, असे त्यांत आहे. आपल्या मुलांच्या शाळेत हा समुपदेशक कोणत्या खोलीत बसतो, हे किती पालकांना ठाऊक आहे?

काही ज्येष्ठ म्हणतील, "आम्हीही शाळेत मार खाल्ला, टोपणनावे सोसली, काय बिघडले?" काकासाहेब, तुमच्या वेळी पाच वाजता घंटा झाली की छळणारा आपल्या घरी जाई आणि तुम्ही आपल्या. आता तो मोबाईलमधून उशाशी येतो. आणि तेव्हाही कोणाचे काही बिघडले नाही, हे खरे नाही. ज्यांचे बिघडले त्यांना कोणी विचारले नाही, एवढेच. १९८२ साली उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सोबत्यांचा छळ असावा असे पुढे आले, तेव्हा त्या देशाने पुढच्याच वर्षी देशभर मोहीम उघडली. डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने शाळाशाळांतून मुलांनाच विचारले, मोजले आणि मोठ्यांना मधल्या सुट्टीत लक्ष ठेवायला लावले. बर्गेनच्या शाळांत छळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. मोजल्याशिवाय काही कमी होत नाही, हे कारकुनाला कोणी शिकवायला नको.

दुसरा सल्ला मिळतो, "मोबाईल काढून घ्या." छळ सोसणाऱ्याने तोंड उघडले की शिक्षा त्यालाच! मग मूल बोलेल कशाला?

आता आपल्या घरातले बोलू. 'घाटी' हा शब्द ऐकताच आपल्यातल्या काहींनी याला मराठी-गुजराती वादाचे रूप द्यायला घेतले. निवेदन तयार झाले, सह्याही सुरू झाल्या. पण तो फोटो आला कुठून? आरतीला आपलीच माणसे होती. फोटो आपल्याच एका घरातल्या मुलाने काढला आणि स्टिकरही त्यानेच केले. स्क्रीनशॉट जपून ठेवून पुरावा देणारा एकमेव वर्गमित्र मात्र गुजराती होता. हे कळताच निवेदन गुंडाळले गेले आणि 'बोभाटा नको' सुरू झाले. परक्याने छळले तर अस्मिता आणि आपल्याने छळले तर मस्करी? हा दुटप्पीपणा आम्हांस मान्य नाही. ज्याने स्टिकर केले तोही मूलच आहे. त्यालाही कोणीतरी समोर बसवून विचारले पाहिजे. ते काम पोलिसांच्या आधी आपले आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आपल्यातली जी मंडळी शाळांच्या विश्वस्त मंडळांवर वा पालक समितीवर आहेत, त्यांनी पुढच्याच बैठकीत तीन गोष्टी मागाव्यात : छळाच्या तक्रारींची क्रमांकित नोंदवही, तक्रारदाराला पोच आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर. समुपदेशकाचे नाव व वेळ फलकावर लागावी. आपल्या मंडळाने एक पुरुष व एक महिला अशी जोडी नेमावी. पालकांना एकटे वाटू नये म्हणून ती त्यांच्याबरोबर शाळेत जाईल. मत मागायला येणाऱ्यालाही, पक्ष कोणताही असो, हाच प्रश्न विचारावा.

तोवर प्रत्येक घराने दोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत : मानसिक आधारासाठी टेलि-मानस १४४१६ आणि मुलांसाठी १०९८.

आमच्या नात्यातला तो मुलगा आता उपचार घेतो आहे. आठवड्यातले चार दिवस शाळेत जातो. सोमवार अजून जड जातो. शाळेच्या दप्तरी मात्र काहीच घडलेले नाही.