पहिल्या साबणात केशर नको

भाचीचा फोन आला तेव्हा मी शेंगदाणे निवडत बसले होते. "मावशी, यंदा दिवाळीला सगळ्यांना घरचा साबण देणार आहे. यादी केलीय, ऐक." केशर, शेळीचं दूध, गुलाबपाकळ्या, कोरफड, शिया बटर, लव्हेंडरचं तेल... अकरा जिन्नस झाले. मग हळूच म्हणाली, "कॉस्टिक वगळलं तर चालेल ना? मला केमिकल नकोय."

अगं, मग उटणंच वाट की!

कॉस्टिक सोड्याशी तेलाची गाठ पडली की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. माप बरोबर असेल, तर मुरलेल्या वडीत कॉस्टिक शिल्लक राहत नाही. 'केमिकल नसलेला' म्हणून प्रदर्शनात चढ्या भावाने विकला जाणारा साबणही असाच झालेला असतो. लपवायचं कशाला? उलट नवशिक्याने सगळ्यात आधी ओळख करून घ्यावी ती कॉस्टिकचीच.

माझी ओळख झाली ती हात पोळून. माहेर मालवणकडचं, म्हणून पहिला साबण नुसत्या खोबरेलाचा केला. 500 ग्रॅम तेलाला 87 ग्रॅम कॉस्टिक. वडी पांढरीशुभ्र, टणक, फेस भरपूर. पुढच्या वेळी खोबरेलाचा भाव चढला होता. सासर कराडचं, घाण्यावरचं शेंगदाणा तेल घरात होतंच. फोडणीला चालतं, तर साबणाला का नाही, म्हणून तेवढंच ओतलं. पण 500 ग्रॅम शेंगदाणा तेल जेमतेम 68 ग्रॅम कॉस्टिक पचवतं. उरलेलं 19 ग्रॅम वडीतच बसलं. सहा आठवडे मुरवूनही पहिल्याच धुण्यात हात चरचरले. अख्खा घाणा फेकला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या साबणात इतकेच जिन्नस असावेत, की तो बिघडला तर का बिघडला हे कळावं. अकरा जिन्नसांचा साबण फसला, तर दोष कुणाला देणार? केशराला की शेळीला?

प्रत्येक तेलाचा स्वभाव वेगळा. खोबरेल कडकपणा आणि फेस देतं, पण जास्त झालं तर अंग कोरडं पडतं. शेंगदाणा तेल मऊ, वडी घट्ट व्हायला वेळ लावणारं. एरंडेल थोडंच घालावं. फेस टिकतो, पण हात सैल सुटला तर वडी चिकट होते. आमच्याकडे भेगांना लावतात ते कोकमाचं भिरंडेल वडीला छान कडकपणा देतं, पण ते दुसऱ्या खेपेला.

शोभेच्या जिन्नसांचं तर कॉस्टिकपुढे काही चालत नाही. गुलाबपाकळ्या तपकिरी पडतात. दूध गरम द्रावणात करपतं. लिंबाचा रस कॉस्टिकच खाऊन टाकतो आणि सगळं माप चुकवतो. हळद घातली, तर वडी पिवळी न होता लालसर होते. हळदीला चुना लावून कुंकू होताना पाहिलेल्या बाईला याचं नवल वाटू नये, पण मलाही वाटलं होतं.

भाचीला मी तिच्या यादीत नसलेली एक वस्तू आधी घ्यायला लावली: ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही. मग शेंगदाणा तेल 250 ग्रॅम, खोबरेल 200, एरंडेल 50, कॉस्टिक 73 आणि पाणी 150 ग्रॅम. थोडं तेल मुद्दाम शिल्लक राहील असा हा हिशोब आहे. तेल बदललं की तो नव्याने मांडायचा. कॉस्टिक शुद्ध हवं. मोरी साफ करायची भुकटी नको, आणि धुण्याचा किंवा खाण्याचा सोडा म्हणजे कॉस्टिक नव्हे. भांडं स्टीलचं घ्यावं, ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, आणि पोरंबाळं स्वयंपाकघराबाहेर.

"एवढंच? मग दिवाळीच्या भेटीत दाखवायचं काय?" ती हिरमुसली.

दाखवायला वेळ आहे. साबण चार ते सहा आठवडे मुरतो. अनंत चतुर्दशीला गणपती गेले की घालायचा, म्हणजे नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला सहा आठवडे होतात. पण पहिला साबण वाटायचा नाही, आपण वापरायचा. माझ्या चुकीने निदान माझेच हात चरचरले होते, पाहुण्यांचे नव्हे.

केशर पुढल्या वर्षी. तोवर ते श्रीखंडात घाल म्हणावं, तिथे त्याचा रंग तरी राहतो.