देवळाचा मंडप आणि कायद्याची वेस

कार्तिक लागला की गोमंतकातील देवस्थानांच्या जत्रा-उत्सवांना आरंभ होतो आणि पुढे थेट शिगम्यापर्यंत गावोगावचे मंडप गाण्याने जागते राहतात. कुठे चक्री भजन, कुठे कीर्तन, कुठे गावच्याच हौशी मंडळींनी दोन-दोन महिने तालमी करून उभे केलेले संगीत नाटक. पूर्वी हे सारे त्या रात्रीपुरते असे. पहाटे समया मालवल्या की गाणेही मालवे, आणि ज्याचे ते हुकले त्याला दुसऱ्याच्या तोंडून त्याचे वर्णन ऐकण्यावाचून गत्यंतर नसे. आता मंडपातल्या खांबाखांबाआड मोबाइल उभा असतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ते पद यूट्यूबवर अथवा फेसबुकवर चढलेले असते. मुंबईत नोकरीला असलेला किंवा आखातात राबणारा गावकरी ते तेथे बसून ऐकतो आणि क्षणभर का होईना, आपल्या देवळात येऊन जातो. यात वावगे काही आहे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. तथापि या हौसेला एक कायदेशीर बाजू आहे आणि आमची देवस्थाने, भजनी मंडळे व नाट्यमंडळे तिच्याविषयी बव्हंशी अनभिज्ञ आहेत. चित्रफितीचा आवाज एकाएकी बंद पडतो किंवा कुठल्याशा कंपनीचा हक्क सांगणारी सूचना येऊन थडकते, तेव्हा कुठे मंडळी वकिलाकडे धाव घेतात.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की मंडपात गाणाऱ्याला कायद्याने वाऱ्यावर सोडलेले नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात अपवादांची लांबलचक यादी आहे. हौशी संस्थेने श्रोत्यांकडून पैसे न घेता, अथवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या साह्यार्थ केलेला नाटकाचा वा गाण्याचा प्रयोग हा त्या यादीनुसार हक्कभंग ठरत नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या प्रसंगी होणारे गायनवादनही त्यातून वगळलेले आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनांनाही, प्रेक्षक शाळेपुरते आणि पालकांपुरते असतील तर, तशीच मोकळीक आहे. कायदा करणाऱ्यांना खेड्यापाड्यांतील हौशी रंगभूमी ठाऊक होती, असे म्हणण्यास यावरून जागा आहे.

परंतु ही सवलत प्रयोगाला आहे. त्याच्या चित्रफितीला नाही. गाणे चित्रित करून ते कोणालाही, कधीही आणि कोठूनही पाहता येईल असे इंटरनेटवर ठेवणे म्हणजे ते ‘जनतेस उपलब्ध करून देणे’ होय, आणि हा हक्क कायद्याने कर्त्यासाठी स्वतंत्रपणे राखून ठेवला आहे. म्हणजे तेच गायक, तेच पद, तोच मंडप. पण रात्री निर्दोष असलेली गोष्ट सकाळी हक्कभंगाच्या कक्षेत जाते. कायद्याच्या संरक्षणाची वेस देवळाच्या वेशीशी संपते.

आता हा हक्क असतो कोणाचा? गीताचे शब्द, त्याची चाल आणि त्याची ध्वनिमुद्रिका या कायद्याच्या दृष्टीने तीन निरनिराळ्या मालमत्ता आहेत. शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रिकेचा हक्क ती प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे. आमच्या उत्सवी रंगभूमीवरचीच उदाहरणे घेऊ. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये निवर्तले. त्यांची पदे केव्हाच सर्वांची झाली. ‘मानापमाना’चे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले आणि त्याच्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. त्यामुळे २०१५ हे वर्ष संपताच ‘मानापमान’ शब्दांसह व चालींसह मोकळे झाले. परंतु त्याच मंडपात, त्याच रात्री, त्याच पेटीवर ‘मत्स्यगंधा’तील पद झाले तर गोष्ट निराळी. त्या नाटकाचे संगीत दिग्दर्शक आणि आमच्या मंगेशीचे सुपुत्र पं. जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये दिवंगत झाले. त्यांच्या चालींवरील हक्क २०५८ च्या अखेरपर्यंत अबाधित आहे. शब्दांचा हिशेब आणखी वेगळा.

भजनी मंडळींना तर याहून चमत्कारिक पेच पडतो. तुकोबांच्या अभंगावर कोणाचाही हक्क नाही आणि असू शकत नाही. मात्र श्रीनिवास खळे यांनी लता मंगेशकरांसाठी त्याच तुकोबांच्या अभंगांना ज्या चाली दिल्या, त्या खळ्यांच्या. ते २०११ मध्ये गेले. म्हणजे त्या चालींची मुदत २०७१ अखेर संपेल. आपल्या बुवांनी गावात बांधलेल्या परंपरागत चालीत तोच अभंग म्हटला तर कोणाची हरकत नाही. ध्वनिमुद्रिकेवरून उचललेल्या चालीत म्हणून तो यूट्यूबवर ठेवला तर हरकत घेता येते. बाजारात मिळणाऱ्या करोकेच्या साथीवर गाणाऱ्यांनी तर तिसऱ्याच एका मालकाची, म्हणजे ती साथ मुद्रित करणाऱ्याची, परवानगी काढावयास हवी.

याविषयी लोकांत काही भ्रम दृढमूल झाले आहेत. तीस सेकंदांपर्यंतचा तुकडा चालतो, असे छातीठोकपणे सांगणारे जागोजागी भेटतात. आमच्या कायद्यात अशी तीस सेकंदांची तरतूद कोठेही नाही. खाली मूळ कर्त्याचे नाव घातले की झाले, हाही तसलाच समज. सौजन्य म्हणून नाव घालावे हे उत्तम, पण सौजन्य म्हणजे परवानगी नव्हे. पाच वर्षांपूर्वीचे गाणे कोणीही गाऊन प्रसिद्ध करावे, ही समजूत २०१२ साली कायद्यात आलेल्या ३१ क या कलमाच्या अर्धवट ज्ञानातून आली असावी. ते कलम केवळ ध्वनिमुद्रिकांसाठी आहे. त्याखाली आगाऊ सूचना द्यावी लागते आणि वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींचे मानधन आधी भरावे लागते. खेड्यातल्या भजनी मंडळाला त्याचा उपयोग तो काय!

या सर्व गोंधळात ज्याची आठवण कोणासच होत नाही तो म्हणजे मंडपात प्रत्यक्ष गाणारा कलावंत. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला त्याच्या सादरीकरणावर स्वतःचा हक्क मिळाला, १९९९ मध्ये त्याची मुदत पन्नास वर्षांची झाली आणि २०१२ मध्ये तो अधिक बळकट करण्यात आला. श्रोत्याने स्वतःच्या ऐकण्यासाठी केलेले मुद्रण कायद्याला मान्य आहे. पण ते बुवांना न विचारता जगापुढे मांडण्याचा अधिकार त्याला नाही. घसा बसलेल्या दिवशीचे, तार उतरलेल्या तंबोऱ्यासोबतचे गाणे एखाद्या उत्साही श्रोत्याने कायमचे लटकावून ठेवावे आणि गायकाने ते मुकाट्याने सोसावे, हे आम्हांस सभ्यपणाचेही वाटत नाही.

शिक्षेचा बाऊ करण्याचे कारण नाही, परंतु ती ठाऊक असावी. हेतुपुरस्सर हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड असून हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. व्यापारी लाभ नसेल तर शिक्षा कमी करण्याची मुभा न्यायाधीशाला आहे. भजन म्हणणाऱ्याला कोणी तुरुंगात धाडील असे आम्हांस वाटत नाही.

खरे भय दुसरेच आहे. यूट्यूबवर चढणारी प्रत्येक चित्रफीत एक यंत्रणा कंपन्यांनी आधी नोंदवलेल्या ध्वनींशी ताडून पाहते आणि साम्य आढळले की कंपनीच्या मर्जीनुसार ती रोखली जाते अथवा तिचे उत्पन्न कंपनीकडे वळते. यंत्राला साम्य कळते. साठ वर्षांची मुदत कळत नाही आणि परंपरा तर त्याहून नाही. २०१८ मध्ये जेम्स ऱ्होड्स या ब्रिटिश पियानोवादकाने बाखची रचना स्वतः वाजवून फेसबुकवर ठेवली, तर तीतील ४७ सेकंदांवर सोनी म्युझिकच्या नावे हक्क सांगण्यात आला. बाख १७५० मध्ये वारला आहे! ऱ्होड्सने आरडाओरडा केला, जगाने तो ऐकला आणि तो दावा मागे घेण्यात आला. आमच्या काणकोणातल्या वा सत्तरीतल्या पेटीवाल्याने आरडाओरडा केला तर तो कोण ऐकणार? अशा दाव्याला हरकत घेता येते आणि दावेदाराला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण हक्कभंगाच्या रीतसर तक्रारी नव्वद दिवसांत तीन झाल्या तर सारी वाहिनीच बंद होते, या धास्तीने मंडळी न्याय्य हरकतही घेत नाहीत. अशा रीतीने एखाद्या देवस्थानाचा दहा-बारा वर्षांचा ठेवा, त्यात आता हयात नसलेल्या बुवांचे आवाजही असतील, एका सकाळी नाहीसा होऊ शकतो.

सरकारने परिपत्रक काढून हा प्रश्न सोडवावा असे कोणी सुचवील, म्हणून एक अलीकडचा प्रकार येथे सांगणे अगत्याचे आहे. लग्नसमारंभातील संगीताला परवान्याची गरज नाही असे परिपत्रक गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढले. ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या वतीने त्याला आव्हान देण्यात आले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केले. हेतू चांगला होता. पण संसदेचा कायदा सचिवालयातील टंकलेखन यंत्रावर बदलत नसतो. यास्तव मागणी करावयाची ती संसदेकडेच. हौशी संस्थांच्या विनामूल्य प्रयोगाला जी सवलत आहे, ती त्याच प्रयोगाच्या बिगरव्यापारी चित्रफितीलाही लागू करावी, एवढी छोटी दुरुस्ती पुरेशी आहे. तीत हयात संगीतकारांचे नुकसान होता कामा नये. जाहिरातींतून पैसा मिळताच सवलत संपावी आणि कर्त्याचा वाटा कर्त्याला जावा. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीन खासदार आहेत. या विषयात पक्षभेदाला जागा दिसत नाही. तिघांनी मिळून तो मांडावा.

कला अकादमीला तर दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. तिच्या भजनस्पर्धांत आणि नाट्यस्पर्धांत जी पदे व अभंग वर्षानुवर्षे गाइले जातात, त्यांपैकी कोणाचे शब्द व कोणाच्या चाली मोकळ्या झाल्या आहेत आणि कोणत्या केव्हा होतील, याची एक पुस्तिका दोन जाणकार आणि एक वकील सहा महिन्यांत सिद्ध करू शकतील. खोट्या दाव्यांना उत्तर लिहून देणारा एखादा कायदा-सल्लागार अकादमीने नेमला तर गावोगावची मंडळे तिला दुवा देतील.

देवस्थान समित्यांनीही काही गोष्टी आजच कराव्यात. मूळ चित्रण यूट्यूबच्या भरवशावर न सोडता देवस्थानच्या कपाटात हार्ड डिस्कवर जतन करावे. आणि बिदागीच्या पावतीपुस्तकाची पुढची आवृत्ती छापताना तीत दोन ओळी वाढवाव्यात : सदर गायनाचे चित्रण करण्यास व ते देवस्थानतर्फे विनामूल्य प्रसारित करण्यास माझी संमती आहे अथवा नाही. सही गायकाची तर घ्यावीच, पेटीवाल्याची आणि पखवाजवाल्याचीही घ्यावी. कायद्याच्या लेखी तेही कलावंतच आहेत.