भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी

आज भात नाही, गाडी. तरी शेवटपर्यंत वाचा, विषय आपलाच आहे.

आमच्या भिसेगावात एका पोराने पडवीत जुनी येझदी रोडकिंग खोलून ठेवलीय. कोणीतरी कधीकाळी मातीतल्या शर्यतीसाठी बदललेली. मडगार्ड वर उचललेलं, टायर गुट्ट्यांचे, हेडलाइट गायब. येणारा-जाणारा एकच सांगतो, "भंगारात घाल, किलोवर पैसे येतील." या सल्ल्याविरुद्धच मी आज लिहितोय.

परदेशी मोटोक्रॉस गाडी आपल्याकडे परवडली किती जणांना? बाकीच्यांनी येझदी, आरएक्स १००, शोगन अशा रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक गाड्याच बदलून मातीत पळवल्या. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. २०२२ मध्ये नाव परत शोरूममध्ये आलं, पण ते इंजिन फोर-स्ट्रोक. म्हणजे जी जुनी गाडी भंगारात गेली ती कायमची गेली.

आता पोराने काय केलं ते बघा. पिस्टन जाम होता. किकवर उड्या मारल्या नाहीत. प्लग काढून भोकातून डिझेल आणि ऑइल सोडलं, आठवडाभर थांबला, मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हलक्या हाताने पुढे-मागे केलं. टाकीतला गंज व्हिनेगर आणि मूठभर नट घालून हलवून काढला, सोड्याच्या पाण्याने धुतली, लगेच वाळवून आतून ऑइल फिरवलं. कार्बोरेटरच्या जेटमध्ये लोखंडी तार घातली नाही, कारण भोक जरा मोठं झालं की मिश्रण बिघडलं. क्रँकचे ऑइल सील नवे टाकले. जुनं रबर कडक होतं, तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल-ऑइल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. सिलिंडरचं बोरिंग मात्र घरी होत नाही, ते लेथवाल्याकडे. तेही नवा पिस्टन हातात आल्यावर, त्याच्या मापाने.

आता सांगा, यातलं तुमच्या ग्रास कटरला काय लागू होत नाही? पाठीवरच्या पेट्रोल पंपाला काय लागू होत नाही? तेही बहुतेक टू-स्ट्रोकच. मागच्या हंगामाचं पेट्रोल आत राहतं, सुकून चिकट होतं, जेट बुजतो. ऐन पावसात दोरी ओढून ओढून खांदा निखळतो आणि मेकॅनिक चार दिवसांनी ये म्हणतो. बांधावरचं गवत चार दिवस थांबतं का? त्याच पोराने यंदा आळीतले तीन कटर चालू करून दिले. येझदीवर शिकलेलं शेतात उपयोगी आलं. याला रिकामटेकडेपणा म्हणणाऱ्यांनी आपल्या पडवीत बंद पडलेली यंत्रं मोजावीत.

कृषी खात्यातल्या आणि संशोधनातल्या मित्रांनाही सांगणं आहे. २०१४-१५ पासून यांत्रिकीकरणाचं उपअभियान चालू आहे, अनुदानावर यंत्रं दारात आली, चांगलं झालं. पण पाना धरणारा हात अनुदानात येत नाही, तो तयार करावा लागतो. आपल्या कर्जतच्या केंद्राने कर्जत-३, कर्जत-७ अशी भाताची वाणं दिली. वाणाचं प्रात्यक्षिक बांधावर होतं, तसं मे महिन्यात गावागावात इंजिन खोलायचंही व्हावं. शिकवायला अशी पोरं आहेतच.

कोणी म्हणेल, टू-स्ट्रोक धूर फार करते. करते. न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल सायलेन्सरमधून बाहेर पडतं, म्हणूनच त्या गाड्या मागे पडल्या. रोज स्टेशनला ती घेऊन जा असं मी म्हणतच नाही. नोंदणीची पंधरा वर्षं संपल्यावर तपासणी करून नूतनीकरण लागतं आणि मूळ गाडीत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. शर्यतीची गाडी टेम्पोत घालून मैदानावर न्यायची, रस्त्यावर नाही.

आणि पोरांनो, तुम्हालाही सोडत नाही. सायलेन्सर काढून रात्री गावातून फिरणं म्हणजे मेकॅनिकी नव्हे. माथेरानच्या भोवतीचा भाग २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे, डोंगरउतार तुमचा ट्रॅक नाही. शेतातून चाक गेलं की बांध फुटतो, खाचरातलं पाणी जातं आणि रोप उन्हाला लागतं. ज्याला इंजिनाची कदर आहे त्याला बांधाचीही असली पाहिजे. क्रोम चढवून फोटोपुरती उभी करणाऱ्यांनाही तेच. चालत नाही ती गाडी दुरुस्त झाली असं मी मानत नाही.

तेव्हा घरात अशी जुनी गाडी असेल तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी घरातल्या पोराला हाक मारा. हातात प्लगपाना द्या. सुटे भाग डब्यात क्रमाने ठेवायला लावा, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायला लावा. गाडी उभी राहायला वर्ष लागेल कदाचित. पण पुढच्या मृगाला तुमचा कटर पहिल्या दोरीला चालू झाला, तर तो कोणामुळे ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.

पटलं नाही तर खाली लिहा. पण आधी आपला कटर चालू करून बघा.