कारभाऱ्याचे प्रगतिपुस्तक

३१ मार्च २००३. अमेरिकेतील बेसबॉलचा नवा हंगाम नुकताच सुरू झाला होता. बोस्टनचा ‘रेड सॉक्स’ हा संघ पहिल्याच सामन्यात शेवटच्या डावापर्यंत ४-१ असा पुढे होता आणि तरीही हरला. टॅम्पा बेच्या कार्ल क्रॉफर्डने होमरन ठोकला आणि निकाल ६-४ असा फिरला. १६२ सामन्यांच्या हंगामातील हा अवघा एक सामना. पण टीकेचा रोख वळला तो त्या दिवशी चेंडूला हातही न लावलेल्या एका २९ वर्षांच्या तरुणाकडे. त्याचे नाव थिओ एपस्टाइन, रेड सॉक्सचा जनरल मॅनेजर.

हे पद आपल्या परिचयाचे नाही. बेसबॉलमध्ये ‘मॅनेजर’ म्हणजे मैदानाशेजारी बसून डावपेच ठरवणारा प्रशिक्षक. ‘जनरल मॅनेजर’ हा त्याच्या वरचा. संघ उभा करायचा तो याने. कोणाला करारबद्ध करायचे, कोणाला सोडायचे, कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचे आणि मालकाचा पैसा कुठे लावायचा, हे सारे त्याच्याकडे. आपल्या क्रिकेटमधील निवड समितीचा अध्यक्ष आणि आयपीएलच्या लिलावात बोली लावणारा माणूस, या दोघांना एका खुर्चीत बसवले तर जे होईल, ते हे पद.

एपस्टाइनची नेमणूक २५ नोव्हेंबर २००२ रोजी झाली तेव्हा तो २८ वर्षांचा होता. इतक्या लहान वयात हे पद तोवर कोणालाच मिळाले नव्हते. बोस्टनला खरे तर ओकलंड संघाचा बिली बीन हवा होता. त्याने होकार देऊन मग माघार घेतली. येल विद्यापीठाचा पदवीधर, कायद्याचे शिक्षण घेतलेला, ‘कॅसाब्लांका’ या चित्रपटाच्या पटकथाकारांपैकी एकाचा नातू, अशी एपस्टाइनची ओळख होती. नावाजलेला खेळाडू म्हणून नव्हे. आणि संघ तरी कोणता? १९१८ नंतर एकदाही विजेतेपद न मिळालेला. बेब रूथ या महान खेळाडूला न्यूयॉर्क यांकीजला विकल्यामुळे संघाला शाप लागला आहे, असे तिथे गमतीने आणि थोडे मनापासूनही म्हटले जाई. आजोबा, वडील आणि नातू अशा तीन पिढ्या एकाच निराशेच्या वारसदार होत्या. अशा घराचा कारभार एका पोरसवदा माणसाच्या हाती आला होता.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. या कारभाऱ्याचे पाय पहिल्या वर्षात कसे दिसले?

त्याची सर्वांत गाजलेली चूक बदली पिचरांच्या बाबतीतली. आघाडी टिकवायची असेल तर शेवटच्या डावासाठी एक ठरलेला हुकमी पिचर राखून ठेवायचा, ही रूढ पद्धत. संघाचे सल्लागार आणि आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचे म्हणणे वेगळे होते. सामना ज्या क्षणी खरोखर धोक्यात असेल, मग तो सातवा डाव का असेना, त्या क्षणी सर्वांत चांगला पिचर वापरावा. विचार तर्काला धरून होता. पण तो अमलात आणायला लागणारी माणसे संघात नव्हती. कागदावरचे गणित बरोबर आले आणि मैदानावरचे चुकले.

आता वहीची दुसरी बाजू पाहू. डिसेंबर २००२ मध्ये मिनेसोटाच्या संघाने डेव्हिड ऑर्टिझ नावाच्या एका धिप्पाड फलंदाजाला नारळ दिला होता. एपस्टाइनने जानेवारीत त्याला साडेबारा लाख डॉलरमध्ये घेतले. बेसबॉलच्या बाजारात ही चिल्लर. सुरुवातीला ऑर्टिझला नियमित जागाही मिळत नव्हती. मग मे अखेरीस एपस्टाइनने शे हिलेनब्रँड या खेळाडूला ॲरिझोनाकडे धाडून ब्यूंग-ह्यून किम हा पिचर आणला. त्यामुळे फलंदाजीत जागा मोकळी झाली आणि ऑर्टिझ रुळला. त्या वर्षी त्याने ३१ होमरन मारले. बिल म्यूलर हा असाच फारसा गाजावाजा न होता घेतलेला खेळाडू. त्याने त्या हंगामात अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम फलंदाजी सरासरी नोंदवली.

म्हणजे मार्चअखेर निकाल लावणाऱ्याला चूक तेवढी दिसली असती. बरोबर ठरलेले निर्णय दिसायला सप्टेंबर उजाडावा लागला. काही निर्णयांची किंमत तर त्याहूनही उशिरा कळली. जुलै २००३ मध्ये जेफ सपन या पिचरसाठी जो व्यवहार झाला, त्यात फ्रेडी सँचेझ हा तरुण पिट्सबर्गला गेला. सपन बोस्टनला फारसा उपयोगी पडला नाही आणि सँचेझने २००६ मध्ये नॅशनल लीगमध्ये फलंदाजीचा पहिला क्रमांक पटकावला. खेळाडूंची अदलाबदल ही शेतीसारखी असते. पेरलेले काय उगवले, हे त्याच मोसमात सांगता येत नाही.

२००३ साली संघाने ९५ सामने जिंकले आणि यांकीजविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यापर्यंत मजल मारली. आठव्या डावात ५-२ अशी आघाडी असताना प्रशिक्षक ग्रेडी लिटल यांनी दमलेल्या पेद्रो मार्टिनेझला मैदानात ठेवले. बरोबरी झाली आणि ११व्या डावात ॲरन बूनच्या होमरनने सारे संपले. दैवदुर्विलास असा की, ज्या बदली पिचरांवरून वर्षभर एपस्टाइनवर टीका झाली, ते आता उत्तम खेळत होते. त्यांनाच वेळेवर बोलावले गेले नाही. लिटल यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही.

त्या हिवाळ्यात एपस्टाइनने आपली चूक दुरुस्त केली. कर्ट शिलिंगला संघात आणले आणि शेवटच्या डावासाठी कीथ फोक हा हुकमी पिचर घेतला. आपला सिद्धान्त खरा ठरवण्याच्या हट्टापायी आणखी एक हंगाम त्याने वाया घालवला नाही. माझ्या मते, त्याच्या पहिल्या वर्षातील सर्वांत आश्वासक गोष्ट हीच होती.

खरी कसोटी ३१ जुलै २००४ रोजी लागली. नोमार गार्सियापारा म्हणजे बोस्टनचा लाडका. पण दुखापती, क्षेत्ररक्षणातील घसरण आणि कराराचा तिढा यांमुळे तो संघात असूनही परका झाला होता. एपस्टाइनने चार संघांच्या एका व्यवहारात त्याला शिकागोला पाठवले. बदल्यात आले ओर्लांडो काब्रेरा आणि डग मिंटकेविच, दोघेही क्षेत्ररक्षणासाठी प्रसिद्ध. त्याच दिवशी धावण्यात चपळ असा डेव्ह रॉबर्ट्सही घेतला. घरातला कर्ता मुलगा देऊन दोन पाहुणे आणावेत, तसा हा सौदा अनेकांना वाटला.

पुढचे सर्वश्रुत आहे. ऑक्टोबरमध्ये यांकीजविरुद्ध संघ ०-३ असा मागे पडला. चौथ्या सामन्याच्या नवव्या डावात रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, म्यूलरच्या फटक्यावर तो घरी पोचला आणि १२व्या डावात ऑर्टिझच्या होमरनने सामना जिंकला. ०-३ वरून मालिका जिंकणारा तो बेसबॉलमधील पहिला संघ. २७ ऑक्टोबर २००४ रोजी फोकने अखेरचा चेंडू अडवून मिंटकेविचच्या हाती दिला आणि ८६ वर्षांची प्रतीक्षा संपली.

येथे थांबलो तर ही यशोगाथा होईल. पण जगाचा हिशेब इतका सरळ नसतो. रॉबर्ट्स त्या क्षणी बाद झाला असता, तर एपस्टाइनचे निर्णय चुकीचे ठरले असते काय? बोटभर अंतराने माणूस शहाणा किंवा मूर्ख ठरत नाही. उलट, यशही कोणाला कायमचे शहाणपण देत नाही. डिसेंबर २०१० मध्ये एपस्टाइननेच क्रॉफर्डला, हो, त्याच पहिल्या सामन्यातील क्रॉफर्डला, सात वर्षांसाठी १४ कोटी २० लाख डॉलर देऊन आणले. तो सौदा फसला. २०११च्या सप्टेंबरात संघ कोसळला आणि एपस्टाइन शिकागो कब्जकडे गेला. तिथे पहिल्या वर्षी संघ १०१ सामने हरला. २०१६ मध्ये मात्र त्याने १०८ वर्षांनी विजेतेपद मिळवले.

मग सबुरी हाच धडा म्हणावा काय? तेही अर्धसत्य आहे. ह्यूस्टनच्या जेफ लुनाउ यांनी डिसेंबर २०११ मध्ये सूत्रे घेतली. संघ २०१२ मध्ये १०७ आणि २०१३ मध्ये १११ सामने हरला. मार्च २०१४ मध्ये त्यांनी सोडून दिलेला जे. डी. मार्टिनेझ डेट्रॉइटला जाऊन त्याच वर्षी चमकला. मालकाने धीर धरला आणि २०१७ मध्ये विजेतेपद आले. पण त्या हंगामात ह्यूस्टनचे खेळाडू कॅमेऱ्याच्या साह्याने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरून, कचऱ्याचा डबा बडवून फलंदाजाला इशारा देत होते, हे पुढे उघड झाले. आपल्याला याची माहिती नव्हती, असे लुनाउ यांचे म्हणणे. जानेवारी २०२० मध्ये त्यांना एका वर्षासाठी निलंबित करण्यात आले आणि त्याच दिवशी मालकाने त्यांना काढून टाकले. निकाल पाहून दिलेले गुण परत घ्यावे लागले.

नव्या कारभाऱ्याला, मग तो संघाचा असो, शाळेचा असो वा नगरपालिकेचा, गुण देताना म्हणूनच तीन गोष्टी पाहाव्यात. निर्णय घेताना हाताशी जी माहिती होती, तिच्या आधारे तो योग्य होता का? चूक कळल्यावर ती किती दिवसांत सुधारली? आणि हाताखालची माणसे कोणत्या मार्गाने यश मिळवत आहेत, यावर त्याचे लक्ष आहे का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पहिल्याच वर्षी शोधता येतात. त्यासाठी गुणतक्त्याकडे डोळे लावून बसावे लागत नाही. घरात आलेल्या नव्या सुनेची पारख पहिल्या दिवशीच्या पोळ्यांवरून करणारी सासू आणि ‘होईल सवय’ म्हणत काहीच न पाहणारी सासू, दोघीही चुकतात. पाळण्यातले पाय जरूर पाहावेत. फक्त ते किती मोठे आहेत हे न मोजता, अडखळल्यावर कसे सावरतात ते पाहावे.