घरांतील यंत्रें : उंची तीच, पण भार कोणावर?

मागील अंकीं विहिरीवरील विजेच्या पंपाविषयीं लिहिलें, तेव्हां कांहीं वाचकभगिनींनीं मोटारीविषयींहि लिहावें अशी सूचना केली होती. योगायोग असा कीं, त्याच सुमारास आमच्या घरच्या मोटारीनें आम्हांस चांगलाच धडा दिला. तो जसा घडला तसा येथें सांगतों.

आमचें घर वळसंगास. सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव लागतें. घरांत तिघां भावांचीं कुटुंबें एकत्र आहेत. वडील बंधु अण्णा, मधला मी, आणि धाकटा. सर्वांवर चौऱ्याऐंशी वर्षांची आई. सहा वर्षांपूर्वीं अण्णांच्या मुलानें पुण्यास एक परदेशी बनावटीची थोरली गाडी जुनीच विकत घेतली आणि घरीं आणून उभी केली. ती घेण्याचें कारण एकच. तींत उंची कमीजास्त करण्याचें बटण आहे. तें दाबलें कीं गाडी चार-पांच सेंटिमीटर खालीं बसते, आणि आई कोणाच्या खांद्याचा आधार न घेतां आंत पाऊल टाकते. शेताची वाट आली कीं तीच गाडी तितकीच वर उचलतां येते.

यंदा चैत्र वद्य त्रयोदशीस, स्वामी समर्थांच्या पुण्यतिथीला, अक्कलकोटास जाऊन आलों, तों आईनें अंथरूण धरलें. पाठ कांहीं केल्या सरळ होईना. "ही मोटार कसली? माझ्या माहेरची बैलगाडी हिच्याहून बरी होती," असें ती म्हणाली. आश्चर्य हें कीं, गाडीकडे पाहून कांहीं बिघाड आहे असें कोणासहि वाटलें नसतें. ती सरळ उभी होती. तेल कोठें गळत नव्हतें. बटण दाबलें कीं वर-खालीं होत होती. एका कारखान्यांत दाखविली, तर त्यांनीं खालीं वांकून पाहण्याचेहि श्रम न घेतां सांगितलें कीं, "ही यंत्रणाच काढून टाका आणि साध्या स्प्रिंगा बसवा." तसें केलें असतें तर गाडी खालीं बसणें कायमचें गेलें असतें, आणि त्याबरोबर आईचें घराबाहेर पडणेंहि. म्हणून पुतण्यानें दोन दिवसांची रजा काढली, गांवांत ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना बोलाविलें, आणि आम्ही सर्व अंगणांत जमलों.

प्रथम यंत्रणेची ओळख करून घेऊं. ही कल्पना मुळांत फ्रान्समधील. सिट्रोएन कंपनींतील पॉल माजेस यांनीं गाडीचें वजन लोखंडी स्प्रिंगांऐवजीं तेल आणि वायु यांवर तोलण्याची युक्ति सिद्ध केली. 1954 सालीं ती एका गाडीच्या केवळ मागील चाकांस लाविली, आणि 1955 च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत आलेल्या 'डी. एस.' या गाडीस ती चारीहि चाकांवर होती. प्रत्येक चाकासाठीं एक पोलादी गोळा. गोळ्याच्या आंत रबरी पडदा. पडद्याच्या एका अंगास कोंडलेला नायट्रोजन वायु, दुसऱ्या अंगास तेल. वायु दबतो आणि पुन्हां फुगतो. तेल जवळजवळ दबत नाहीं. म्हणून धक्का झेलण्याचें काम वायु करतो आणि उंची राखण्याचें काम तेल करतें. माणसें बसल्यामुळें गाडी दबली कीं झडप उघडते, पंपाकडील आणखी तेल आंत शिरतें, आणि गाडी पूर्वीच्या उंचीस येते. सिट्रोएननें ही परंपरा 2017 पर्यंत चालविली.

आमच्या गाडीची तऱ्हा थोडी निराळी आहे. तींत लोखंडहि आहे आणि तेलहि. पुढें पिळाच्या लांब कांबी आहेत, ज्यांस मिस्त्री टॉर्शन बार म्हणतात. मागें वेटोळ्याच्या स्प्रिंगा आहेत. वजनाचा मोठा वाटा लोखंडानें उचलावयाचा आणि उरलेला तेलानें, असा जणूं करारच आहे. सेन्सर उंची मोजतात आणि त्याप्रमाणें पंप चालतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सेन्सरला केवळ उंची कळते. भार कोण उचलीत आहे, हें त्याला कळत नाहीं. वर्षानुवर्षें ओझें वाहून लोखंड थकतें आणि किंचित् बसतें. सेन्सर म्हणतो, उंची घटली. पंप तेल ढकलतो. उंची पूर्ववत् होते आणि पाहणारास कांहींच दिसत नाहीं. परंतु लोखंडानें सोडलेला भार तेलानें घेतलेला असतो. तेलाचा दाब वाढतो, त्या दाबानें गोळ्यांतील वायु आधींच आंखडून बसतो, आणि खड्डा आला असतां आणखी दबण्यास त्याला जागा उरत नाहीं. मग तो धक्का सरळ बसणाराच्या पाठींत जातो.

आतां परीक्षा. पहिली परीक्षा पट्टीची. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, आंतील सामान काढावें, आणि प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरील कमानीच्या कडेपर्यंतचें अंतर मोजावें. जमिनीपासून मोजूं नये, कारण मग टायरची झीज आणि हवा हींहि त्या आंकड्यांत शिरतात. उंची पुस्तिकेप्रमाणें नसेल, तर आधीं सेन्सरची दांडी सारून ती जुळवावी. दाबाचा आंकडा योग्य उंचीवरच खरा मानावयाचा असतो. आमची उंची बरोबर निघाली.

दुसरी परीक्षा गोळ्यांची. तेलाच्या टाकीच्या अंगावर रेघा असतात. गाडी सर्वांत उंच करून तेलाच्या पातळीवर खूण करावी; मग सर्वांत खालीं बसवून पुन्हां खूण करावी. उंच होतांना तेल गोळ्यांत शिरतें आणि बसतांना टाकींत परततें. गोळ्यांतील वायु निघून गेला असेल, तर तेलाला शिरण्यास जागाच नसते आणि दोन खुणांमधील अंतर अगदीं थोडें भरतें. तें नव्या गाडीच्या सुमारें निम्म्यावर आलें, कीं गोळे बदलण्याची वेळ झाली असें समजावें. आमचें अंतर पाऊणपट भरलें. म्हणजे गोळे वृद्ध, पण धडधाकट होते.

तिसरी परीक्षा दाबाची. ती डोळ्यांनीं होत नाहीं; त्यासाठीं स्कॅनर जोडावा लागतो. पुतण्यानें तो जोडला. मोठ्या वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्याच जवळ होत्या म्हणून त्यांनीं आंकडा वाचून दाखविला. मागील दाब ठीक होता. पुढील दाब 9.1 मेगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारें नव्वदपट! आमच्या गाडीस तो 7 च्या आसपास हवा. वहिनी म्हणाल्या, "पण गाडी तर सरळ उभी आहे. मग कळणार कसें?" पुतण्या म्हणाला, "मोजल्याशिवाय कळत नाहीं, आई."

निदान झालें, उपाय सोपा होता. परंतु एक सावधगिरी प्रथम सांगतों. अशी गाडी तेलाच्या भरंवशावर उभी असतां तिच्याखालीं कोणींहि शिरूं नये. ती केव्हांहि आपोआप खालीं बसते. उंचीची यंत्रणा बंद करावी, गाडी जॅकनें उचलून भक्कम लोखंडी स्टँडांवर टेकवावी, आणि मगच हात घालावा. टॉर्शन बारच्या मागील टोकास पीळ कमीजास्त करण्याचा मोठा बोल्ट असतो. आमचे बोल्ट गंजले होते. त्यांस रात्रभर तेल पाजून ठेविलें. दुसऱ्या दिवशीं, चाकांवरील भार काढून, डावा आणि उजवा दोन्ही सारखेच तीन-तीन फेरे आंवळले. गाडी खालीं घेऊन अक्कलकोटच्या रस्त्यानें थोडी हिंडवून आणली आणि पुन्हां दाब पाहिला : 8.0. आणखी अडीच फेरे. या वेळीं 7.1. उंची मात्र केसभरहि बदलली नव्हती! मिस्त्रींना याचेंच नवल वाटलें. बोल्ट आंवळूनहि दाब उतरत नसेल, तर कांब बदलणें हाच मार्ग. मागील स्प्रिंगा बसल्या असतील तर त्याहि बदलाव्या लागतात.

शेवटीं तेल. तें काढ्यासारखें काळें झालें होतें. गाडी सर्वांत खालीं बसवून प्रत्येक चाकापाशीं असलेल्या तोटीस पारदर्शक नळी लावून तें सावकाश सोडलें आणि नवें भरलें. डोळ्यांवर चष्मा हवाच. तेल मात्र पुस्तिकेंत सांगितलेलेंच घालावें. हातीं लागेल तें नव्हे. सिट्रोएनच्या जुन्या गाड्यांस तांबडें तेल लागे आणि 1966 च्या सुमारास हिरवें आलें. एकाच्या जागीं दुसरें घातलें तर आंतील रबर नासून जाई. एकंदर खर्च शहरांतील कारखान्यानें सांगितलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी आला.

येथें हा लेख संपावयास हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यांत आईची पाठ पाहण्यास डॉक्टर आले. आईचा रक्तदाब वयाच्या मानानें उत्तम होता. पुतण्यानें सहज म्हणून आपल्या आईसहि हात पुढें करावयास लाविलें. 168 आणि 102. डॉक्टरांनीं थोड्या वेळानें पुन्हां मोजला. आंकडा जवळजवळ तोच.

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. तीन वर्षांपूर्वींपर्यंत नैवेद्य, भाजी निवडणें, लोणचीं-पापड, आल्यागेल्याचें पाहणें, हें सर्व आई करीत असे. गुडघे थकले तसें एकेक काम तिच्या हातून सुटलें. परंतु घरांत एकहि जेवण उशिरा झालें नाहीं, एकहि सण चुकला नाहीं. घराची उंची तीच राहिली. म्हणून तो भार कोणी घेतला, हें आम्ही तिघां भावांनीं एकदांहि विचारलें नाहीं. वहिनींनींहि सांगितलें नाहीं.

डॉक्टरांनीं औषध सुरू केलें, मीठ कमी केलें. तें नियमानें चालू आहे, आणि घरांतील कामाची वांटणी हा औषधास पर्याय नव्हे, हें येथें स्पष्ट सांगतों. परंतु वांटणीहि झाली. त्याच रात्रीं अण्णा म्हणाले, "सकाळचा चहा आणि दुधाचें मी पाहीन." बाजार आणि भाजी निवडणें माझ्याकडे आलें. धाकट्याची पत्नी शाळेंत शिकविते. संध्याकाळचा स्वयंपाक नवराबायको मिळून करतात. पोळ्यांस एक बाई ठेविल्या. पहिले आठ दिवस आमच्या हातचा चहा कोणास आवडला नाहीं, आणि मीं निवडलेल्या मेथींत आईला काड्या सांपडल्या. आतां बरें चाललें आहे.

गेल्या पंधरवड्यांत आईला पुन्हां अक्कलकोटास नेलें. परततांना ती वाटेंत झोंपली. यापरतें गाडीस प्रशस्तिपत्र कोणतें हवें? पुतण्यानें गाडीची एक नोंदवही केली आहे. दर तीन महिन्यांनीं तींत पुढील आणि मागील दाब लिहावयाचा. तिच्या शेवटच्या पानावर अण्णांनीं स्वतःच्या अक्षरांत आणखी एक रकाना आंखला आहे. त्यांतील पहिली ओळ 168 आणि 102 अशी आहे, आणि कालची 138 आणि 86.